दोन दिवसांचे डबे

ओडेट लँड्रीचं प्रेम जमलं तेव्हा तिच्या डाव्या हातात सुई होती, उजव्या हाताला कच्च्या अंड्याचा वास होता, आणि शेजारच्या खाटेवर एक लांबलचक माणूस पडला होता. इतका लांब, की त्याचे बूट खाटेच्या बाहेर लोंबकळत होते.

प्रेम जमायला काही ही जागा नव्हे, कबूल. पण त्या तळावर दुसरी होती कुठे? चारी बाजूंनी मातीने भरलेल्या जाळीच्या भिंती, आत तंबू, प्लायवूडच्या खोल्या, दिवसभर घुरघुरणारी जनरेटरं, आणि धूळ... पिठासारखी, पाय टाकला की घोट्यापर्यंत वर येणारी. तळ अमेरिकन फौजेचा, भिंतींपलीकडे अफगाणिस्तान. पाऊस नाही, झाड नाही. चंद्र उगवायचा, पण कचरा जाळायच्या खड्ड्यातून निघणाऱ्या धुरात तोही आजाऱ्यासारखा दिसायचा.

त्या सकाळी कधी नव्हे ती खरी, कवचाची अंडी आली होती. एरवी खोक्यातलं पातळ अंडं ओतायचं. तळाच्या स्वयंपाकघरात ओडेट खुशीत गुणगुणत अंडी फोडत होती, आणि भोंगा ओरडला, "ओ पॉझिटिव्ह! सगळे ओ पॉझिटिव्ह दवाखान्यात या! लगेच!"

तळावरच्या दवाखान्यात रक्ताचा साठा असा नव्हताच. जखमी आला की ज्यांच्या अंगात ते रक्त, त्यांनी धावत जायचं आणि गरम गरम द्यायचं. प्रत्येकाच्या बुटावर शाईने रक्तगट लिहिलेला असे. रक्त दिलं की परिचारक त्या अक्षरांखाली एक फुली मारी. फुली ताजी असेपर्यंत, म्हणजे दोनेक महिने, त्या माणसाला पुन्हा सुई लावायची नाही असा नियम होता.

"तुझी पिशवी भरत आली," शेजारून आवाज आला.

"माझं रक्त तिखट आहे. पळतं."

"आणि माझं?"

तिने मान वळवून त्याच्या पिशवीकडे पाहिलं. तळाशी जेमतेम लाल झालं होतं. "तुझं अजून निघू की नको असा विचार करतंय. कुठला रे तू?"

"नॉर्थ डकोटा."

"तरीच! गोठलेलं असणार. आधी उन्हात ठेवायला हवं होतं तुला."

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर 'हॅगन' लिहिलेलं तिने वाचलं, आणि भुवया इतक्या पांढुरक्या, की आहेत की नाहीत कळेना.

"ए हॅगन, हलू नकोस!" ओर्टेगा नावाचा परिचारक खेकसला. "आणि लँड्री, तू त्याला हसवू नकोस. इथे काय जत्रा भरलीय?"

जत्रा कसली! कापडी पडद्यापलीकडे कोणीतरी आईला हाका मारत होतं. एकसारख्या, लहान मुलाच्या आवाजात. ओडेट तंबूच्या छताकडे बघत राहिली.

"घाबरलीस?" त्याने हळूच विचारलं.

"छे."

"मी घाबरलोय," तो म्हणाला. साधेपणाने, भूक लागलीय म्हणावं तसं.

झालं! तिथेच ती फसली. त्या तळावर प्रत्येक जण छाती पुढे काढून चालायचा. घाबरलोय असं म्हणणारा पुरुष तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

पडद्यापलीकडचा तो वाचला. निदान हेलिकॉप्टरमध्ये चढवला तेव्हा श्वास घेत होता. बाहेर उन्हात उभं राहून दोघं रस पीत होते, तेव्हा हॅगन म्हणाला, "तुझंही रक्त त्याच्यात, माझंही. आता तो आपला कोण लागतो?"

"माझा कोणी नाही. तुझा भाचा असेल."

"मग तू त्याची मामी झालीस की," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. ओडेटने रसाचा डबा तोंडाला लावला, रिकामा असूनसुद्धा.

हे सगळं ऐकलं प्रुइटने. प्रुइट म्हणजे हॅगनचा जिवाभावाचा मित्र, केंटकीचा. ठेंगणा, तोंडाचा पट्टा सतत चालू. हॅगन आणि तो एकाच तुकडीत, सुरुंग शोधणाऱ्यांच्या. या लोकांचं काम म्हणजे सगळ्यांच्या पुढे जायचं आणि रस्त्यात पुरलेला बॉम्ब आपल्या गाडीखाली सापडतो का बघायचं. हॅगन सर्वांत पुढची गाडी चालवायचा. प्रुइट मागच्या गाडीत असायचा आणि वायरलेसवरून त्याला शिव्या घालायचा.

संध्याकाळपर्यंत सबंध तळाला खबर होती.

"मामी, आज काय केलंय?" जेवणाच्या रांगेत प्रुइटने ताट पुढे केलं.

"मामी कोणाला म्हणतोस रे?"

"तुलाच. मामा मागे उभाय, बघ. ताट धरायचं विसरलाय."

खरंच विसरला होता. रिकाम्या हातांनी उभा राहून तो ओडेटकडे बघत होता.

त्याला मिरीसुद्धा तिखट लागायची. ओडेट लुईझियानाची, तिच्या घरी तिखट सॉस नसे तो फक्त बाळाच्या दुधाच्या बाटलीत. तिने त्याच्या अंड्यांवर लाल सॉसची बाटली उलटी केली. बिचारा! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण ताट पुसून स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"कालचं बाधलं नाही?" तिने विचारलं.

"बाधलं."

"मग?"

"मग काय... वाढ."

तिचे गाल तापले ते भट्टीपाशी उभी होती म्हणून, असं तिने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी ती दोघं स्वयंपाकघरामागे पाण्याच्या बाटल्यांच्या थप्पीवर बसायची. बंद दाराआड बाई आणि पुरुष एकत्र दिसले की वरिष्ठ दोघांनाही सोलून काढत, म्हणून उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यातही स्वयंपाकघराच्या मुख्य सार्जंट लोटू या पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या धिप्पाड बाईंचा वेगळा हुकूम होता, "मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडा."

"तो माणूस मी," असं म्हणून प्रुइट मध्ये येऊन बसायचा आणि दोघांच्या वाटचा मक्याचा पाव खायचा. "बोला, बोला. मी बहिरा आहे."

त्या बहिऱ्याच्या डोक्यावरून दोघं बोलायची. हॅगन सांगायचा, त्याच्या गावी जवसाची शेतं आहेत. फुलं निळी, तीही सकाळपुरती. दुपारी गळतात.

"मग बघायला लवकर उठायला हवं," ओडेट म्हणाली.

"तू तर रोज पहाटेच उठतेस..." तो अडखळला. "म्हणजे... तुला जमेल. आलीस तर."

"मी कशाला येऊ तिथे?"

"मला मिरी खायला शिकवायला."

"अरे देवा," प्रुइट तोंडातला घास न गिळता म्हणाला, "मुलगी पटवायची ही पद्धत? तिला सांग ना की तू रात्री झोपेत तिचं नाव घेतोस."

"प्रुइट!"

"आडनाव घेतो गं. 'लँड्री, लँड्री.' मला वाटलं हजेरी घेतोय."

ओडेट इतकी हसली की थप्पीवरून घसरली. हॅगनने तिचा हात धरला. वर ओढून घेतल्यावर सोडायला हवा होता... सोडला नाही. प्रुइट उठला आणि काही न बोलता आत पाणी प्यायला गेला. पाण्याच्या बाटल्यांवर बसलेला माणूस!

"माझं नाव आयव्हर," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"एकदा म्हण ना."

"आयव्हर," ती म्हणाली. तळावर सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारत. इतक्या महिन्यांत कोणाला नावाने हाक मारल्याचं तिला आठवेना.

दैवाला सुख बघवत नाही म्हणतात ते खोटं नाही. पुढच्याच आठवड्यात ओर्टेगा सुट्टीवर घरी निघाला, तेव्हा त्याने जाता जाता सांगितलं की भाचा गेला. जर्मनीतल्या इस्पितळात. इतका लांब जाऊन, इतक्यांचं रक्त घेऊन, गेला. त्या दिवशी प्रुइट तिला मामी म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मामी, मीठ!" आणि तिने मीठ दिलं. न म्हणणं जास्त वाईट वाटलं असतं.

आणि त्या दिवसापासून ओडेटला भीती जडली.

कारण एक गोष्ट फक्त स्वयंपाकघराला ठाऊक असायची. तुकडी बाहेर जायची असली की आदल्या दिवशी डब्यांची मागणी येई. जाणाऱ्यांना ते संध्याकाळी कळे, स्वयंपाकघराला सकाळीच. एक दिवसाचे डबे म्हणजे जवळपासचा रस्ता. दोन दिवसांचे डबे म्हणजे नदीकाठच्या डाळिंबाच्या बागांचा रस्ता. त्या रस्त्यावर याआधी दोनदा पुढची गाडी उडाली होती. दोन्ही वेळा चालवणारा परत आला नव्हता, म्हणजे पायांनी आला नव्हता.

"इथलं इथेच गाडायचं," सार्जंट लोटू सगळ्यांना बजावत. "डबे किती आणि कोणाचे, हे बाहेर कोणी बोललं तर त्याला मी कढईत घालीन."

एके दिवशी सकाळी ओडेट बटाटे सोलत होती आणि सार्जंट लोटू हातात मागणी घेऊन आल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"सुरुंगवाल्यांचे. उद्या पहाटेसाठी." मग जरा थांबून, "दोन दिवसांचे."

ओडेटने सोलणं तसंच चालू ठेवलं, आणि साल सोडून बोटच सोललं.

काय करावं? त्याला सांगावं? सांगून काय होणार, सैन्यात 'मला नको' म्हणायची सोय नसते. आणि हॅगन तसं म्हणणाराही नव्हता. घाबरायचा आणि जायचा, असा माणूस. देवाची प्रार्थना करावी तर देव काही फक्त तिचाच नव्हता. ज्यांनी बॉम्ब पुरला, तेही दिवसातून पाच वेळा त्यालाच हाक मारत होते.

आणि दुपारी भोंगा ओरडला, "ओ पॉझिटिव्ह! ओ पॉझिटिव्ह!"

फाटकाबाहेर पहाऱ्यावरच्या एकाला गोळी लागली होती. रक्त देणाऱ्यांसाठी रस आणि बिस्किटं नेणं हे स्वयंपाकघराचं काम. ओडेट ट्रे घेऊन पळाली. तिच्या बुटावर फुली होती, ती देऊ शकत नव्हती. हॅगनच्याही होती. नियमाप्रमाणे त्याने यायलाच नको होतं.

पण तो आला. अंघोळ अर्धवट टाकून, ओल्या केसांनी, पायांत रबरी सपाता. बूट नव्हते, फुली नव्हती.

"मी विचारायला आलोय, लोक पुरेसे आहेत का," तो म्हणाला. "नसतील तर मी..."

ओर्टेगाच्या जागी क्विन नावाची मुलगी नव्याने आली होती. तिला कोणी ओळखीचं नव्हतं. हातमोजे लाल, कपाळावर घाम. "शेवटचं कधी दिलंस?"

हॅगनने तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं.

"त्याने नाही दिलं," ओडेट म्हणाली.

तिचं तिलाच ऐकू आलं. आवाज अगदी सरळ होता, भात हवा की बटाटे, असं विचारावं तसा. "मागच्या वेळी शीरच सापडेना याची. परत पाठवलं. मी शेजारच्या खाटेवर होते ना."

आता ऐका, यात गोम काय होती. रक्त दिलेल्या माणसाला पुढचे दोन दिवस फाटकाबाहेर न्यायचं नाही, असा डॉक्टरांचा सक्त नियम होता. चक्कर येते, हात कापतात. अशाच्या हाती गाडी कोण देईल?

हॅगनने तिच्याकडे पाहिलं. उद्याची त्याला गंधवार्ता नव्हती. त्याला वाटलं, जखमीला खरंच कमी पडतंय, म्हणून ही खोटं बोलतेय. आणि कदाचित... ओल्या केसांतून पाणी गळत असताना तो किंचित हसला, त्यावरून ओडेटला वाटलं... की ही आपल्याला पुन्हा खाटेवर पडलेलं बघायला आलीय, असंही त्याला वाटलं असेल. तो निमूट आडवा झाला.

"या वेळी तरी पळव जरा," ती म्हणाली. थट्टेसारखं म्हणाली. ट्रे खाली ठेवला.

"बाजूला तू नाहीस ना. शर्यत कोणाशी लावू?"

त्याचा चेहरा हळूहळू कागदासारखा होत गेला. पंधरवड्यापूर्वी दिलेलं अंगात पुरतं भरून यायच्या आत दुसरी पिशवी. ओडेट उशाशी उभी राहून बघत होती. ते रक्त आपणच काढतोय असं तिला वाटलं, आणि तरी तिच्या मनात एकच गोष्ट होती. राहिला! उद्या हा इथे राहिला!

संध्याकाळी तुकडीला खबर मिळाली आणि हॅगनला वगळलं. तो खोलीत पडून होता, उठलं की डोळ्यांपुढे काळं व्हायचं.

पहाटे डबे न्यायला प्रुइट आला.

"मामी, मामा पडलाय भुईमुगाच्या शेंगेसारखा. त्याची गाडी आज माझ्याकडे."

ओडेटच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुझ्याकडे?"

"मग काय, गाडी आपली आपण जाईल? तसा मी त्याच्यापेक्षा बरा चालवतो, पण तोंडावर सांगू नकोस, रडेल." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, असं काय बघतेस? तो ठीक आहे."

गाडी चालवायला कोणीतरी बसणारच, हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? वेडी नव्हती ती. पण आदल्या दिवशी तिच्या डोक्यात ती जागा नुसती हॅगनची होती. तो उठला की रिकामी. तिथे दुसरा चेहरा तिने ठेवूनच पाहिला नव्हता. तो आता समोर उभा होता आणि नाक खाजवत होता.

बोलावं तर काय? 'जाऊ नकोस' म्हणावं, तर तिसरा कोणीतरी बसेल. खरं सांगावं, तर हॅगनला शिक्षा, तिला शिक्षा, आणि प्रुइट तरीही गाडीतच. तिने कालचा उरलेला सगळा मक्याचा पाव त्याच्या डब्यात कोंबला.

"एवढा?" प्रुइट खूश झाला. "मामी, तू मामाला सोड. माझ्याशी लग्न कर."

"जा रे," ती म्हणाली. "नीट जा."

तो गेला.

दुपारच्या जेवणाआधी भोंगा वाजला. ओडेटच्या हातून चमचा पडला. ती धावली तेव्हा हॅगन तिच्या पुढे धावत होता, भिंतीला हात लावत, धडपडत. या वेळी त्याच्या पायांत बूट होते आणि बुटावर दोन फुल्या होत्या. एक जुनी, एक कालची. क्विनने रात्री त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या बुटावर फुली मारायला घेतली, तेव्हा तिथे आधीची दिसली होती. ती ओरडलीही होती म्हणे, आणि मग काम पडलं म्हणून निघून गेली होती.

"घे," हॅगन बाही वर करत म्हणाला. "माझं घे."

"तुझं नाही घेता येणार."

"प्रुइट आहे तो! अर्धी पिशवी घे. अर्धी! मी सही करून देतो, मेलो तर मेलो."

"तुझ्यात राहिलंय काय द्यायला?" क्विनच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाजूला हो. मागच्यांना येऊ दे."

रांगेतली माणसं त्याच्या बाजूने पुढे सरकू लागली. तो तंबूच्या खांबाला धरून उभा राहिला. काल ज्याला त्याने रक्त दिलं, तो अनोळखी पहारेकरी मोठ्या इस्पितळात सुखरूप पोचला होता. तेवढं रक्त आज अंगात असतं तर!

ओडेट त्याच्याजवळ गेली नाही.

प्रुइट दुपार टळायच्या आत गेला. रक्त कमी पडलं म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणाले, रक्त पुष्कळ होतं. थांबतच नव्हतं.

त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं तेव्हा चालीप्रमाणे सबंध तळ वाटेच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. स्वयंपाकी, शिपाई, कारकून, डॉक्टर. हॅगन खांदेकऱ्यांत होता. सगळ्यांत उंच तो, म्हणून पेटी त्याच्या बाजूने वर उचलली गेली होती, आणि ती सपाट राहावी म्हणून तो गुडघ्यांत वाकून चालत होता. संपूर्ण वाट. ओडेटसमोरून गेला तेव्हा त्याने मान वळवली नाही.

त्यानंतर तो जेवायच्या रांगेत आला नाही. आला तो चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. ओडेट कांदे चिरत होती. तो आत आला नाही, उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"तुला आधीच माहीत होतं," तो म्हणाला.

तिने सुरी खाली ठेवली. "हो."

"डब्यांवरून."

"हो. दोन दिवसांचे होते."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू गेला असतास."

"हो."

"मग?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसलाही नाही.

"मला प्रुइटला मारायचं नव्हतं, आयव्हर," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "तो माझाही होता रे. पण मला... मला तू जगायला हवा होतास. माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे असं सांगायचं नव्हतं मला. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. नाही करणार म्हणू? खोटं बोलू तुझ्याशी?"

"नको. एकदा बोललीस तेवढं पुरे."

आत कुठेतरी पाणी उकळत होतं.

"माझंही आहे," तो म्हणाला. "प्रेम. त्यात काही फरक पडला नाही. तीच तर पंचाईत आहे."

"मग..."

"ऐक. पुढची गाडी उडाली असं वायरलेसवर आलं ना, तेव्हा सगळ्यात आधी मला काय वाटलं सांगू?" त्याने दाराच्या चौकटीला हात टेकवला. "बरं वाटलं. मी तिथे नाही, म्हणून बरं वाटलं. मग प्रुइट आठवला. आधी बरं वाटलं, ओडेट. मग तो आठवला."

"सगळ्यांना तसंच वाटलं असतं."

"असेल. पण तुला पाहिलं की मला पुन्हा तसंच वाटतं. बरं वाटतं. आत्तासुद्धा वाटतंय." त्याचे डोळे भरून आले. "तू समोर वाढायला उभी राहशील. काहीतरी बोलशील. मी हसेन. मी हसेन गं, मला ठाऊक आहे. महिन्याभरात मी पोटभर जेवून हसायला लागेन. ते नको आहे मला."

"जाऊ नकोस."

"पलीकडच्या खोऱ्यातल्या तळावर सुरुंगवाले कमी पडलेत. मी नाव दिलंय."

"कधी?"

"आत्ताच. हेलिकॉप्टर येतंय."

ती उंबऱ्यापर्यंत आली. त्याच्या कोपराच्या खोबणीत सुईची जागा अजून हिरवी-पिवळी होती. कांद्याच्या हाताने तिने तिथे स्पर्श केला. त्याने हात काढून घेतला नाही. डोळे मिटले आणि क्षणभर कपाळ तिच्या केसांवर टेकवलं, उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत... मग सरळ झाला, पाठपिशवी उचलली आणि धुळीतून चालत गेला. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा इतकी धूळ उडाली की तो चढताना तिला दिसला नाही.

सार्जंट लोटू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना किती ठाऊक होतं, देव जाणे. बहुतेक सगळंच असावं.

"लँड्री," त्या म्हणाल्या, नेहमीपेक्षा हळू. "तोंड धू. रांग लागलीय."

ओडेटने तोंड धुतलं. एप्रन बांधला. मग विचारलं, "सार्जंट, त्या पलीकडच्या तळावर स्वयंपाकाला कोण आहे? तुमच्या ओळखीचं कोणी?"

सार्जंट लोटू तिच्याकडे बघत राहिल्या. प्रश्न त्यांना बरोबर कळला होता.

"तिथे स्वयंपाकघर नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "तिथे पाकिटं फोडून खातात."

म्हणजे तो कधी बाहेर जाणार, कोणत्या रस्त्याला जाणार, किती दिवसांसाठी, हे डब्यांवरून आदल्या सकाळी कळणारं तिथे कोणीच नव्हतं. ओडेटने मान हलवली. वाढायच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली, पळी उचलली. समोर ताट आलं.

"भात की बटाटे?" तिने विचारलं.